शांत शहराचा खडखडाट

'वीकेण्डला कुठे?' या प्रश्नाची पुण्यात ठरलेली उत्तरं आहेत. लोणावळा, महाबळेश्वर, पानशेत, फारच उत्साह असेल तर अलिबाग. या यादीत सोलापूर नाही. मी ऑफिसात ते नाव काढलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुणाचं लग्न?" आणि दुसरा, "मग अक्कलकोटला दर्शनाला का?" लग्न नव्हतं आणि दर्शनही नव्हतं. हिंजवडीचं ट्रॅफिक, क्लायंटचे कॉल आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप यांच्यापासून एक दिवस लांब जायचं होतं, इतकंच. शेजारच्या डेस्कवरची माझी सोलापूरची मैत्रीण म्हणाली, "चल आमच्याकडं. मामाचा टॉवेलचा कारखाना पण दाखवते."

अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पहाटे पाचला निघालं की पाटसच्या आसपास उजाडतं, भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसायला लागतं आणि चहा-नाश्ता धरून दहाच्या सुमाराला आपण सोलापुरात. आम्ही कारनं गेलो, पण वाटेत मैत्रिणीनं हुतात्मा एक्स्प्रेसची गंमत सांगितली. 2001 पासून धावणारी ही गाडी सकाळी सोलापूरहून सुटते आणि संध्याकाळी पुण्याहून परत फिरते. म्हणजे एका दिवसात जाऊन यायची मस्त सोय आहे, पण ती सोलापूरकरांची! अॅडमिशन, इंटरव्ह्यू, हॉस्पिटल, कोर्ट... काम उरकायचं आणि रात्री घरी. "आम्ही पुण्याला कामाला येतो," ती म्हणाली, "तुम्ही आमच्याकडं आराम करायला चाललाय. कमाल आहे बे!"

आराम मात्र मिळाला. सिद्धेश्वर तलावाच्या मधोमध मंदिर, पाण्यावर ऊन आणि कुणालाही कसलीच घाई नाही. शेजारीच भुईकोट किल्ला. दुपारी तिच्या आईनं वाढलेली कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि वर "अजून घे की" हा आग्रह. घरात तेलुगू, रिक्षावाल्याशी मराठी, कोपऱ्यावरच्या दुकानात कन्नड. मला तर वाटायला लागलं, इथेच एक छोटा फ्लॅट घ्यावा आणि 'वर्क फ्रॉम होम' करावं!

"किती शांत आहे गं तुमचं गाव!" मी म्हटलं. मला ते कौतुकच वाटत होतं. तिच्या आईनं ताटाकडे बघत उत्तर दिलं, "आधी नव्हतं."

मग गिरण्यांची गोष्ट निघाली. इथली जुनी गिरणी 1877 ची. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, शहराचा पूर्व भाग त्यांनी भरून टाकला. गिरणीचा भोंगा झाला की शहर उठायचं, पुढचा भोंगा झाला की पाळी बदलायची. जुनी गिरणी 1960 च्या दशकात बंद पडली आणि नंतरच्या काळात बाकीचे भोंगेही एकेक करून थांबले. आपण पाहुणे जिला निवांतपणा म्हणतो, त्या शांततेतली बरीचशी तेव्हा आली.

उरलेला आवाज ऐकायचा असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत जायचं. स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या हजारो पुणेकरांच्या गाड्या याच रस्त्यानं जातात; आत वळणारे थोडे. बाहेरून सगळं साधंच दिसतं. पत्र्याच्या शेड, सुताची पोती उतरवणारे टेम्पो, चहाची टपरी. पण मामांच्या शेडचं दार सरकलं आणि आवाज अंगावरच आला. खटक-खटक-खटक-खटक! दोन फुटांवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. इथली माणसं ओठांच्या हालचालीवर आणि हातवाऱ्यांवर काम चालवतात.

टॉवेल कसा होतो, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. लूमवर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल. आडवे दोन-तीन धागे आले की फणी ते एकदम पुढे ठोकते, आणि सैल धागा दुमडून वर येतो. ती छोटी छोटी वेटोळी म्हणजे आपल्या टॉवेलचा मऊपणा! पलीकडे जेकार्डवर चादरीची नक्षी उतरत होती. शेवटच्या खोलीत बायका कडा शिवत होत्या, धागे कापत होत्या, घड्या घालून डझन मोजत होत्या. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना जीआय मानांकन आहे. आपल्यापैकी कितीजण मॉलमध्ये टॉवेल घेताना तो कुठला आहे ते बघतात?

मामांनी बाहेर चहा मागवला. मी कानांवरून हात काढत विचारलं, "दिवसभर या आवाजाचा त्रास नाही होत?"

"आवाजाचा कसला त्रास?" ते हसले. "सूत महागलं, ऑर्डर थांबली, लाइट गेली की लूम बंद पडतो. मग इथं शांत होतंय. रात्री झोपेत सुद्धा आवाज थांबला की जाग येते बघ. आम्हाला ती शांतता नको."

त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे, पुण्यातच असतो. शेड पुढे कोण बघणार, हे मी विचारलं नाही. मैत्रीणही चहाच्या कपात बघत राहिली. आमच्यासारखी तिकडून आलेली पोरं पुण्याच्या गर्दीत भर घालतात, आणि मग त्या गर्दीला कंटाळून इकडची शांतता एन्जॉय करायला येतात! हा हिशोब तिथे बसून करणं जरा जड गेलं.

शेडच्या मागे खोल्या होत्या, दोरीवर लहान मुलांचे कपडे. कामगारांची कुटुंबं तिथेच राहतात. काम आणि घर यांच्यात एक भिंत. 18 मे 2025 च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जणांचा जीव गेला. कारखान्यातच राहणारे मालकाचे कुटुंबीय आणि कामगारांच्या घरातली माणसं. त्याबद्दल विचारल्यावर मामांनी फक्त बोटानं दिशा दाखवली. थोड्या वेळानं म्हणाले, "सूत म्हणजे कापूसच. पेटलं की थांबतंय होय?" आपण अंग पुसून खुंटीला टांगतो त्या टॉवेलच्या मागे कुणाची तरी अशी रात्र असू शकते. शांत गावातली सुद्धा.

तेव्हा सोलापूरला जरूर जा. एका दिवसात आरामात होतं. सिद्धेश्वर करा, किल्ला बघा, शेंगाचटणी बांधून आणा. पण त्यातला एक तास अक्कलकोट रोडसाठी ठेवा. ओळखीशिवाय कुणाच्या शेडमध्ये शिरता येणार नाही, हे खरं. पण पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसात एखादा तरी सोलापूरकर असतोच, त्याला गाठा. तो खुशीनं घेऊन जाईल आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही. फक्त त्याला 'तुमचं गाव किती शांत!' असं म्हणण्याआधी एक विचारा, सध्या लूम किती चालू आहेत?