लक्षणे सांगा, निदान नको

मराठीत 'निदान' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. 'निदान एवढे तरी करा' यातले निदान वेगळे आणि डॉक्टर करतात ते वेगळे. संस्कृत वैद्यकात त्याचा मूळ अर्थ 'कारण' असा आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि पुढे माधवकराच्या ग्रंथात रोग ओळखण्याची पाच साधने येतात: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. म्हणजे कारण, रोग प्रकट होण्याआधीच्या खुणा, प्रकट लक्षणे, कशाने बरे वाटते ते, आणि रोग कसा घडत गेला त्याची वाट. यांपैकी चार समजायला सोपी आहेत. 'उपशय' मला पुस्तकातून कधी नीट उमगला नव्हता. तो मला समजावला लोणावळ्यातल्या एका मोटार-मिस्त्रीने, आणि तोही हा शब्द आयुष्यात न उच्चारता.

मी कुरवंड्यात राहते. नागफणीच्या पायथ्याचे हे गाव ट्रेकिंग करणाऱ्यांना ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकांना ते १६६१ सालच्या उंबरखिंडीच्या लढाईमुळे ठाऊक असते. कारतलबखानाची फौज याच बाजूने कोकणात उतरली आणि खालच्या रानात अडकली. पुढे इंग्रजांनी बोरघाटाचा रस्ता १८३० साली वाहतुकीला खुला केला, लोहमार्गही तिकडूनच गेला, आणि कुरवंड्याचा घाट पायवाटच राहिला. चाकांना तो आजही बंद आहे. गावाच्या अलीकडे 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची संस्था आहे. १९४५ पासून तिथे जहाजांची इंजिने शिकवली जातात. समुद्रापासून सव्वासहाशे मीटर उंचीवर सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण, ही गंमत मला इथे येऊन अनेक वर्षे झाली तरी ओसरत नाही. पण गावातले आमचे यंत्रज्ञान त्या भिंतीच्या अलीकडचे आहे.

आमची गाडी डिझेलवर चालणारी, सात आसनांची, सोळा वर्षांची. तिच्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या कंपनीच्या नसून वयाच्या आणि पावसाच्या आहेत. गावात तिला 'जीप'च म्हणतात. मोठी गाडी ती जीप, मग ती कुणाचीही असो. (१९९४ साली आलेल्या 'सुमो'चे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ठेवले होते, हे वर्गात सांगितले की मुले चकित होतात, त्यांना ते जपानी पैलवान वाटत असतात.) या गाडीने मी घाटाखालच्या कॉलेजात जाते, आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, आईला डायलिसिससाठी तळेगावला नेते. त्या दोन दिवशी सकाळी साडेसहाला गाडी सुरू झालीच पाहिजे. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात, जुलैच्या अंधाऱ्या पहाटे, ही साधी अपेक्षा नव्हे.

तीन वर्षांपूर्वी गिअरबॉक्सच्या बाजूने आवाज येऊ लागला. कंपनीच्या एका अधिकृत सेवाकेंद्रात नेली. खिडकीतल्या मुलाने तक्रारपत्रकावर 'नॉइज' एवढा एकच शब्द लिहिला. संध्याकाळी गाडी धुऊन, पुसून, आवाजासकट परत मिळाली. मग कुणीतरी जुन्या महामार्गालगतच्या या मिस्त्रींचा पत्ता दिला. मी त्यांना सांगितले, "बहुतेक गिअरबॉक्स गेलाय." ते हात पुसत म्हणाले, "मॅडम, काय गेलंय ते मी बघतो. तुम्ही फक्त काय होतंय ते सांगा."

मग प्रश्न सुरू झाले. आवाज कधीपासून? थंड असताना की गरम झाल्यावर? गाडी उभी असतानाही येतो का? घरघर आहे की खरखर? क्लच दाबला की वाढतो की थांबतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार होते: दाबला की थांबतो. "मग क्लचचं बेअरिंग नाही," ते म्हणाले. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर दोष दाबणाऱ्या बेअरिंगचा. दाबल्यावर थांबत असेल, तर इंजिनाशी जोडलेला गिअरबॉक्सचा दांडा क्लच सोडलेला असताना फिरतो, क्लच दाबला की सुटा होऊन थांबतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बेअरिंगचा आवाजही थांबतो. एकही नट न सोडता, पायाच्या एका हालचालीने, दोन शक्यतांपैकी एक बाद झाली.

हाच उपशय. लक्षणे गूढ असतील तेव्हा एखादे औषध, आहार किंवा वागणे देऊन पाहायचे; त्याने बरे वाटते की वाढते त्यावरून रोग ओळखायचा. मिस्त्रींचा जवळपास सगळा व्यवहार असा चालतो. गाडी तापते ना? मग कधी तापते? चढावर ताठ चालताना तापत असेल तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला असण्याचा संभव अधिक. वाहतुकीत उभी असताना तापते आणि चालू लागली की काटा खाली येतो, तर पंखा पहा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, तर थर्मोस्टॅट उघडत नसेल. आणि पाणी कमी होत असेल पण जमिनीवर थेंब दिसत नसेल, तर ते कुठे जाते हा प्रश्न गंभीर आहे: टाकीत बुडबुडे येतात का, ऑइल ताकासारखे फेसाळ झाले आहे का, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबता थांबत नाही का? तिन्हींना हो असेल, तर हेड उतरवावे लागणार. धुराचीही बाराखडी आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, आधी एअर-फिल्टर काढून बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा म्हणजे पाणी, किंवा न जळलेले डिझेल. थंडीच्या सकाळी मिनिटभर आला तर घाबरू नका.

घाटाखाली नोकरी असणाऱ्यांना ब्रेकचे शास्त्र कळणे भाग आहे. चढण इंजिनाची परीक्षा घेते, उतरण ब्रेकची. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे जुन्या ट्रकचालकांचे सूत्र मला पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगितले. त्यामागचे कारण मात्र मिस्त्रींमुळे कळले. ब्रेक-ऑइल हवेतले बाष्प शोषते. डॉट-३ दर्जाचे कोरे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सतत पाय ठेवला की चाकाजवळचे ऑइल तापते, उकळते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पॅडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. आमच्या हवेत कपाटातली पुस्तके भिजतात, तिथे ऑइलचे काय? ते दर दोन वर्षांनी बदलायचेच, मग गाडी चाललेली असो वा नसो. तसाच हॅन्डब्रेक. पावसाळ्यात तो ओढून गाडी चार दिवस उभी ठेवली तर ड्रम आणि लायनर गंजून एकमेकांना धरतात. गिअरमध्ये टाकावी आणि चाकाला दगड लावावा. बोनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवावी हा सल्लाही त्यांचाच, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून. आमच्या उंदरांना तंबाखूचे वावडे आहे की नाही, याबद्दल मी साशंक आहे.

असो. मराठीच्या शिक्षिकेला या सगळ्यात रस वाटावा असे खरे कारण ध्वनींचे आहे. अनुकरणवाचक शब्दांकडे आपण व्याकरणात अर्ध्या पानापुरते पाहतो आणि पुढे जातो. गॅरेजमध्ये त्यांना पारिभाषिक संज्ञांचा नेमकेपणा आहे. सेल्फ मारल्यावर नुसते 'टकटक' म्हणजे बॅटरी उतरली किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली. ओल्या सकाळी 'चीं' असा लांब आवाज म्हणजे पट्टा सैल. गिअर टाकून क्लच सोडताना खालून एकच 'खट्' म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. गतिरोधकावर 'कटकट' हे लिंक किंवा बुशचे काम, पण 'कुरकुर' हे सुकलेल्या रबराचे. करकर आणि खरखर यांत फरक न करणारा माणूस गाडी दुरुस्त करून घेऊ शकत नाही. निदान योग्य पैशांत तरी नाही.

आणि वर्गात आम्ही काय करतो? कविता वाचून झाली की पहिला हात वर येतो आणि सांगतो, "ही कविता अस्तित्ववादी आहे." दुसरा सांगतो, "स्त्रीवादी आहे." म्हणजे गिअरबॉक्स गेला. ओळ कुठे तुटते, क्रियापद कुठे लपवले आहे, कोण कुणाशी बोलते आहे, आवाज कुठे चढतो, हे कुणी सांगत नाही, कारण ते लिहून गुण मिळत नाहीत असा त्यांचा समज आहे, आणि आमच्या प्रश्नपत्रिकांनी तो समज पोसला आहे. गेली दोन वर्षे मी पहिल्या तासाला 'वाद' या शब्दाने संपणारी कोणतीही संज्ञा वापरायला बंदी केली आहे. शांतता बरीच वेळ टिकते. मग कुणीतरी घाबरत म्हणते, "मॅडम, इथे थोडं अडखळल्यासारखं होतं." तिथून तास सुरू होतो.

हे सगळे मागे पडत चालले आहे, याची मला जाणीव आहे. शेजाऱ्यांची नवी गाडी भारत स्टेज-६ ची आहे. एप्रिल २०२० पासून तेच मानक लागू आहे. तिच्या डॅशबोर्डवर दिवा लागला की मालकाला कुणी काही विचारत नाही. यंत्र जोडतात, गाडी आपली तक्रार आकड्यात सांगते. यात वाईट काही नाही. संवेदक जे ओळखतो ते कानाला कळणारही नाही. पण शेजाऱ्यांचा दिवा वारंवार लागे आणि आकडा तोच येई: धुरातली काजळी अडवणारी गाळणी तुंबली. ती काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. शेजारी रोज कुरवंडे ते लोणावळा बाजार एवढेच जातात, थांबत थांबत. द्रुतगती मार्ग इतक्या जवळ, पण गाडीने तो महिनोन् महिने पाहिलेला नसतो. "गाडी कुठं कुठं जाते?" हा प्रश्न शेवटी आमच्या मिस्त्रींनीच विचारला. आकड्याने रूप सांगितले होते. संप्राप्ती त्यांनी काढली.

गेल्या वर्षी आमच्या गाडीला पंधरा वर्षे झाली तेव्हा भाऊ म्हणाला, विकून टाक. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. नव्या गाडीत एअरबॅग असतात, आमच्या गाडीत नाहीत, आणि मागे आई बसलेली असते. पुनर्नोंदणी, तपासणी, पर्यावरण कर, आणि वर दरवर्षीची दुरुस्ती, हा हिशेब त्याने कागदावर मांडून दिला. आकड्यांत तो जिंकला होता. मी पाच वर्षांची पुनर्नोंदणी करून घेतली. नव्या गाडीचे हप्ते आणि डायलिसिसचा खर्च एका पगारात बसत नाहीत, हे एक कारण. दुसरे असे, की या गाडीची पूर्वरूपे मला कळतात. ती आजारी पडण्याआधी आठवडाभर मला ठाऊक असते, आणि मला शुक्रवारची पहाट गाठायची असते. हे दुसरे कारण भावाला पटलेले नाही. एअरबॅगचा मुद्दा मलाही सोडवता आलेला नाही. मी ताशी साठाच्या वर जात नाही, एवढेच.

आईला डॉक्टर विचारतात, "काय त्रास होतोय?" आणि ती उत्तर देईपर्यंत त्यांचे डोळे अहवालावर गेलेले असतात. क्रिएटिनिन, पोटॅशियम, वजन. तिला मात्र सांगायचे असते की पाय जड नाहीत, 'भरलेले' आहेत. दम लागत नाही, श्वास 'अर्ध्यात वळतो'. एकदा एका तरुण निवासी डॉक्टरने पेन खाली ठेवून विचारले, "आजी, उशी एक घेता की दोन?" आडवे झाल्यावर श्वास अडतो की काय, ते तिला पाहायचे होते. आई दोन दिवस तिचेच कौतुक करत होती.

यंदा जूनच्या सुरुवातीला परत येताना मागून आई म्हणाली, "उजव्या चाकात कुणीतरी गुणगुणतंय गं." मला काही ऐकू येईना. वेग चाळीसच्या वर गेला की ऐकू येते, कमी केला की विरते, असे तिने कामशेतपर्यंत मला नेमके करून सांगितले. मी मिस्त्रींना तिचेच शब्द जसेच्या तसे दिले. ते गाडी रिकाम्या रस्त्यावर घेऊन गेले, तिला बसवूनच. डावीकडे वळवली की भार उजव्या बाजूवर येतो. तेव्हा गुणगुण वाढली. उजवीकडे वळवली तेव्हा दबली. मागचे उजवे बेअरिंग. पाऊस लागण्याआधी ते बदलून झाले. पुढच्या मंगळवारी आईने सोमाटण्यापर्यंत कान देऊन ठेवला होता. गुणगुण गेली आहे. आता तिला मागच्या दाराच्या रबरातून शिट्टी ऐकू येते, फक्त समोरून वारा असला की. मला अजून ती सापडलेली नाही.