पहिल्याच्या वर

आमच्या घरी कुणाला गणितात चांगले मार्क पडले की आईचे वडील म्हणायचे, "चला, रँग्लर होणार!" १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनिअर रँग्लर झाले, ही गोष्ट आजोबांना पाठ. (त्या पहिल्या जागेवर आणखी एक जण होता, हे ते सांगत नसत.)

गेल्या वर्षी कंपनीने तीन महिने लंडनला पाठवलं. एका शनिवारी ऑक्सफर्ड, दुसऱ्या शनिवारी केंब्रिज, असं ठरवून टाकलं.

दोन्हीकडे आधी डोळ्यांत भरतात त्या भिंती. रस्त्याच्या बाजूला उंच भिंत, एकच मोठा दरवाजा, आत चौकोनी हिरवळ आणि चारही बाजूंनी खोल्या. आपल्या वाड्याचा चौकच जणू. ऑक्सफर्डवाले त्याला 'क्वाड' म्हणतात, केंब्रिजवाले 'कोर्ट'. एकच शब्द वापरला तर भांडायचं कशावरून! गाव आणि विद्यार्थी यांचं मात्र खरंच वैर होतं. १२०९ मध्ये ऑक्सफर्डात एका बाईचा खून झाला, लोकांनी विद्यार्थ्यांना फाशी दिली आणि घाबरून पळालेल्यांपैकी काही जण केंब्रिजला पोचले. म्हणजे केंब्रिजची सुरुवातच ऑक्सफर्डमधून पळालेल्यांनी झाली.

ऑक्सफर्ड मधाच्या रंगाच्या दगडाचं. केंब्रिजच्या आसपास चांगला दगड नाही, म्हणून तिथे विटा भरपूर. किंग्ज कॉलेजचं चॅपल मात्र दगडी. १४४६ साली काम सुरू झालं, मध्ये यादवी माजली, राजा गादीवरून गेला, पैसा आटला. छत पूर्ण व्हायला १५१५ उजाडलं. काम कुठे थांबलं ते दगडाच्या बदललेल्या रंगावरून आजही कळतं. मध्येच बंद पडलेला आणि नव्या क्लायंटने उचललेला प्रोजेक्ट मी लगेच ओळखते.

पण मला बघायचं होतं गर्टन. मुलींचं हे कॉलेज १८७३ मध्ये केंब्रिजमध्ये नाही, तर गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर उभं राहिलं. लाल विटांचं, आल्फ्रेड वॉटरहाउसने बांधलेलं. मुलांच्या जुन्या कॉलेजांत प्रत्येक जिना थेट कोर्टात उतरतो. इथे खोल्या लांबच लांब कॉरिडॉरवर आहेत. थंडीपावसात बाहेर न पडता सगळीकडे जाता येतं, हे खरं. पण माझ्या इंजिनिअरिंगच्या होस्टेललाही असाच कॉरिडॉर होता, आणि साडेसातला त्याच्या तोंडाशी हजेरी घेणाऱ्या मॅडम.

संध्याकाळी सीनेट हाउससमोरून आईला व्हिडिओ कॉल लावला. पांढरीशुभ्र, खांबांची इमारत, १७३० ची. "इथे तुझ्या बाबांच्या रँग्लरांचा निकाल वाचायचे," म्हटलं. मग तिला फिलिपा फॉसेटची गोष्ट सांगितली. १८९० साली, परांजप्यांच्या नऊ वर्षं आधी, न्यूनम कॉलेजची ही मुलगी त्याच परीक्षेला बसली. मुलींना क्रमांक नव्हता. मुलांच्या यादीत त्या कुठे बसतात, तेवढंच वेगळं वाचायचे. तिच्या नावापुढे वाचलं गेलं : सीनिअर रँग्लरच्या वर.

"मग पदवी?"

"नाही मिळाली."

१८९७ मध्ये बायकांना पदवी द्यावी का यावर मतदान झालं, तेव्हा याच रस्त्यावर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा लटकवला होता. प्रस्ताव पडला. ऑक्सफर्डने १९२० मध्ये पदव्या दिल्या. एरवी नौकेच्या शर्यतीत हातभर मागे राहिलं तरी झोप उडणारं केंब्रिज इथे २८ वर्षं खुशाल मागे राहिलं. १९४८ साली पदव्या मिळायला लागल्या. फिलिपा त्याच वर्षी वारली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. ती गणितात बी.एस्सी., फर्स्ट क्लास. निकालाआधीच आजोबांनी लग्नाची तारीख काढली होती. पदवीदानाच्या दिवशी ती सासरी, पहिल्या सणाच्या पुरणाला. पदवीचं सर्टिफिकेट कुणीच आणलं नाही. आजोबांनीसुद्धा.

"तिचे वडील काही म्हणाले नाहीत?" तिने विचारलं.

"ते आधीच गेले होते. आणि ते मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचे होते."

"हं," म्हणाली आणि फोन ठेवला.

आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर तिच्या पिवळ्या पडलेल्या मार्कशीटचा फोटो आला. खाली मेसेज : "अगं, विद्यापीठाचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो का बघ. आणि नाव माहेरचंच टाक."