वायवाली की आयवाली?

दहावीच्या मार्कलिस्टवर मी वायवाली आयेशा, रेशनकार्डावर आयवाली, आणि फीच्या पावतीवर शेवटी चक्क एच! परीक्षेचा फॉर्म भरताना खिडकीतून प्रश्न आला, "यातलं खरं स्पेलिंग कोणतं?" म्हटलं, "सर, खरं अरबीत आहे."

अरबीत हे नाव एकाच पद्धतीने लिहितात. पण त्याचं पहिलंच अक्षर 'ऐन', घशातून निघणारं. ते ना रोमन लिपीत, ना देवनागरीत. मधे 'हमजा', म्हणजे आवाजाला लागलेला छोटासा ब्रेक. मग ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. तुर्कस्तानात आयशे, सेनेगलमध्ये तर आयसातू! अर्थ मात्र 'जगणारी'. आपण होस्टेलवर 'ऐश' करतो ना, तो शब्दही त्याच धातूतला. इजिप्तमध्ये रोटीलाच 'ऐश' म्हणतात. (आपल्या मेसच्या चपातीला कोणी म्हणणार नाही.)

माझ्याआधीची बहीण आठ दिवसांतच गेली. मी सातव्या महिन्यात झाले, काचेच्या पेटीत होते. तेव्हा दादीने हे नाव ठरवलं, आणि पेटीजवळ बसून तेच घेत राहिली. दादीला लिहिता येत नाही.

फॉर्मवर शेवटी दहावीचंच स्पेलिंग टाकलं. रात्री घरी फोन केला, तर दादी म्हणाली, "आयशू, जेवलीस का गं?"