किल्ली आणि जबाबदारी

महापालिकेची मालमत्ता लोकांच्या संस्थांकडे द्यावी की नाही, हा वाद मुंबईत पेटतो तो मैदानांवरून. जानेवारी 2016 मध्ये पालिका सभागृहाने मोकळ्या जागा दत्तक देण्याचं धोरण मंजूर केलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि आधी दिलेले भूखंडही परत घ्यायला सांगितले. गदारोळ रास्तच होता. सांभाळायला म्हणून दिलेल्या काही जागांवर क्लब उभे राहिले होते, आणि जिथे कुणीही पोरगं बॅट घेऊन शिरायचं तिथे सभासदत्वाची फी आली होती. ओव्हल मैदानाची गोष्ट वेगळी. तिथल्या रहिवाशांच्या संस्थेने न्यायालयात लढून मैदान सांभाळायला घेतलं, आणि ते खेळायला सगळ्यांना खुलं राहिलं.

मला मात्र या सगळ्यात जास्त जिव्हाळा आहे तो संडासांचा. शिवडीत वाढलेल्या बाईला त्याचं कारण सांगावं लागत नाही. बीडीडी चाळींत पिढ्यानपिढ्या मजल्यावरच्या सामाईक संडासांवर निभावलं. रुळांपलीकडे, बंदराच्या जमिनीवरच्या झोपड्यांत तेही नव्हतं. तिथून शाळेत येणाऱ्या मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांच्या आया उजाडायच्या आत उठायच्या, एकमेकींना हाका मारून सोबतीने जायच्या.

पालिकेचे जुने संडास होते, पण ते कुणाचेच नव्हते. कडी तुटली की तुटलेली, नळ आटला की आटलेला. तक्रार करायची तर परळला वॉर्ड ऑफिसात जायचं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची.

1995 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबईत मलनिःसारण प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पोटात झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम होता, आणि त्यात नेहमीचा क्रमच उलटा केला. आधी वस्तीने संस्था नोंदवायची, माणशी 100 रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त 500 अशी वर्गणी जमवायची, आणि मग बांधकाम. साधारण पन्नास माणसांमागे एक संडास, बायकांची बाजू वेगळी, लहान मुलांसाठी वेगळी जागा, वर पाण्याची टाकी आणि केअरटेकरला राहायला खोली. इमारत आणि जमीन पालिकेची, चालवणं संस्थेचं. कुटुंबांनी मासिक पास काढायचा, त्या पैशातून वीज, पाणी, फिनेल आणि केअरटेकरचा पगार. स्पार्क, महिला मिलन यांसारख्या संघटनांनी वस्त्यावस्त्यांत बसून हे उभं केलं, आणि कुठे काय असावं यात बायकांचा शब्द चालला. लहान मुलांची वेगळी जागा त्यातूनच आली, कारण मोठ्यांच्या रांगेत पोराला कुणी पुढे जाऊ देत नाही, ते मग गटारावरच बसतं. हे मंत्रालयात बसून कुणाला सुचलं नसतं.

म्हणून जे रोज वापरतात त्यांच्या हाती किल्ली द्यावी, असं मला मनापासून वाटतं. पण किल्लीबरोबर जबाबदारी किती द्यायची, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मला पालिकेचा राग येतो. नळाची जोडणी देणाऱ्या पालिकेनेच संस्थेला पाण्याचं बिल पाठवायचं, आणि ते भरायला वस्तीने पासाचे पैसे वाढवायचे! इमारतीतल्या माणसाला घरातला संडास पालिकेच्या मलवाहिनीला जोडून मिळतो. झोपडीतल्या माणसाने मात्र कमिटी नेमायची, हिशेब ठेवायचा, वर्गणी मागत फिरायचं. फेब्रुवारी 2017 मध्ये मानखुर्दला सार्वजनिक शौचालयाची जमीन खचली आणि तिघांचा जीव गेला. खालची टाकी खचते आहे की नाही हे केअरटेकरला कसं कळणार? ते इंजिनीअरचं काम आहे, आणि ते कुठल्याही करारानं वस्तीच्या गळ्यात घालता येत नाही.

दुसरी काळजी मला माझ्याच माणसांची वाटते. कमिटी एकदा निवडली की दहा वर्षं तीच, अध्यक्ष म्हणजे स्थानिक कार्यकर्ता, आणि पास त्याच्या मर्जीतल्यांना. मैदानाचा क्लब झाला तसाच संडासाचाही धंदा होऊ शकतो. लालबाग-परळच्या काही मंडळांनी गणपतीचा जमाखर्च फळ्यावर लावायची पद्धत पाळली. तोच फळा संडासाच्या दारात हवा, आणि कमिटीत निम्म्या बायका.

शिवडीत तर आणखी एक गाठ आहे. पूर्वेकडची जमीन ना पालिकेची, ना राज्याची. ती पोर्ट ट्रस्टची, आता मुंबई बंदर प्राधिकरण म्हणायचं, म्हणजे केंद्राची. तिथे एक वीट लावायची तरी त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. याच जमिनीच्या पेचाने शिवडीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास वरळी, नायगावच्या मागे राहिला. दुसरीकडे याच शिवडीतून सुरू होणारा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. समुद्रावरच्या पुलासाठी केंद्र आणि राज्य एकत्र येऊ शकतात, तर वीस संडासांसाठी का नाही? वस्तीतल्या बायका संस्था उद्या नोंदवतील, वर्गणीही गोळा करतील. त्यांना हवी आहे एक सही बंदराची, एक परळच्या वॉर्ड ऑफिसातली, आणि इमारतीची दुरुस्ती पालिकाच करील असं करारात स्पष्ट लिहिलेलं.