दूध तोडायचं कधी?

शेळीच्या करडाचं दूध तीन महिने भरले की तोडावं, असं नगर-नाशिक पट्ट्यात सर्रास सांगतात. संगमनेरी शेळ्या सांभाळताना मला हे कधीच पटलं नाही. दूध तोडण्याची वेळ करडाचं कोठीपोट, म्हणजे चार पोटांतलं पहिलं, ठरवतं. जन्मतः ते नावापुरतंच असतं. करडू चोखू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी घडी मिटून नळी होते आणि दूध थेट चौथ्या, खऱ्या पोटात उतरतं. त्यामुळे नुसत्या दुधावर अंगानं भरलेलं करडूसुद्धा आतून चाऱ्याला तयार नसतं. भरडा कोठीपोटात आंबतो, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यांच्यामुळेच आतल्या अस्तरावर पोषण शोषणारे बारीक उंचवटे वाढतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून करडांपुढे मूठभर भरडा, कोवळा लसूणघास आणि स्वच्छ पाणी हवंच. दूध पिणाऱ्याला पाणी कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण दूध कोठीपोटात जातच नाही, आणि तिथल्या जिवाणूंना पाण्यावाचून काम करता येत नाही.

जुळ्यांतलं दांडगं करडू सड बळकावतं आणि दुसरं मागे पडतं. जन्मतारीख एकच, तरी दोघांचं दूध एकाच दिवशी तोडणं म्हणजे दुबळ्यावर अन्याय. तोडण्याआधी करडाचं वजन जन्माच्या वजनाच्या किमान अडीच पट झालेलं असावं, आठवडाभर भरडा न चुकता संपत असावा आणि करडू निवांत बसून रवंथ करत असावं. वजनाला साधा ताणकाटा पुरतो. मग आधी रात्री आईपासून वेगळं ठेवायचं, पुढे दिवसातून एकदाच पाजायचं आणि नंतर थांबवायचं. या दिवसांत जागा, खुराक, सोबती काहीच बदलू नये. एकदम तोडलेलं करडू खंगतं, त्या ताणात रक्ती हगवण डोकं वर काढते. आणि भुकेपोटी धान्यावर तुटून पडलं तर आंत्रविषाराची भीती असते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो: करडू पिईल तेवढं विकायचं दूध कमी. पण खुरटलेली पाट माजावर उशिरा येते, म्हणजे तिचं पहिलं वेतच लांबतं. बोकडाचे पैसे तर वजनावरच मिळतात. शिवाय रात्री करडं वेगळी ठेवली की सकाळची धार घरात येते आणि दिवसभर करडांचं भागतं. दुसरं म्हणणं असं की, चीक पाजून करडू आईपासून तोडावं आणि बाटलीवर वाढवावं. दुधातून पसरणारा रोग कळपात असेल तर बाटलीवर वाढवणं योग्यच आहे. एरवी पाच-दहा शेळ्यांच्या घरात बाटल्या उकळणं, दूध कोमट करणं, दिवसातून तीनदा पाजणं हे सगळं बाईच्या अंगावर पडतं आणि हिशेबात ती मजुरी कोणी धरत नाही. तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. वजनाची वाट पाहत नर करडं आईपाशी ठेवून चालत नाहीत. ती तीन-चार महिन्यांतच वयात येऊ लागतात आणि आई-बहिणींवर उडतात. नरांना चौथा महिना लागण्याआधी वेगळं काढावंच लागतं. वजन कमी भरलं तर त्यांना निराळ्या कप्प्यात बाटलीनं दूध द्यावं.