सेक्रेटरी सोसायटीतच राहायला आला

शनिवारी रात्री साडेअकराला, चाकणच्या आमच्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये, मी चक्क टाळ्या वाजवल्या. शेजारी आमच्याकडे नुकतीच लागलेली इंजिनिअर मुलगी उभी होती. पन्नाशीतला आपला साहेब रॅकसमोर टाळ्या पिटतोय हे पाहून ती बिचारी आधी दचकली आणि मग तोंडावर हात धरून हसत सुटली. हसू दे. मला कुणाला तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्याकडे तीन होस्ट आहेत. तिन्हींवर ईएसएक्सआय आणि त्यांवर वीसेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम: ईआरपी, हजेरी, प्रिंट सर्व्हर, असला सगळा संसार. या संसाराचा कारभार बघतं ते व्हीसेंटर. कोणतं मशीन कुठे राहतं, कुणाला कशाची परवानगी, रात्री तीनला काय बोंबललं, सगळं त्याच्या डेटाबेसमध्ये नोंदलेलं. शिवाय कामाचा हिशोब! प्रत्येक होस्ट दर 20 सेकंदांनी आपली नाडी मोजतो, डेटाबेसात त्याची पाच-पाच मिनिटांची नोंद होते, मग आठवड्यासाठी अर्ध्या तासाची, महिन्यासाठी दोन तासांची, वर्षासाठी दिवसाची. हा गृहस्थ एक मिनिट स्वस्थ बसत नाही.

आणि म्हणूनच मी त्याला इतकी वर्षं स्वतंत्र लोखंडी सर्व्हरवर ठेवलं होतं. विंडोज, वर एसक्यूएल सर्व्हर, यूपीएससुद्धा वेगळा. डेटाबेस आणि व्हीएमवर? छे! डेटाबेसला हाताला लागणारी डिस्क पाहिजे, असं माझं ठाम मत. त्यात ज्या सोसायटीचा कारभार बघायचा, तिथल्याच फ्लॅटमध्ये सेक्रेटरी राहायला आला आणि तोच मजला कोसळला, तर रजिस्टर कुणी शोधायचं?

पण 2020 साली व्हीसेंटरची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यात विंडोजवरचा प्रकार बंदच झाला. आता ते येतं तेच तयार व्हीएम म्हणून, आत फोटॉन लिनक्स, आणि डेटाबेस म्हणून पोटातच पोस्टग्रेस. आमच्या एवढ्याशा पसाऱ्याला दोन व्हीसीपीयू आणि 12 जीबी मेमरी. बसवलं. नाक मुरडत बसवलं, हेही लिहून टाकतो.

शनिवारी कारखान्यातली यंत्रं बंद होती, म्हणून आम्ही दोघं थांबलो होतो. ती म्हणाली, "सर, व्हीसेंटरलाच व्हीमोशन करून बघू या?"

"अगं, व्हीमोशन करणारा तोच आहे. तो स्वतःलाच कसा उचलेल?"

"बघू तर!"

व्हीमोशन मला नवीन नाही, चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर मी शेकडो वेळा हलवलंय. पण हलवणाराच हलतो, हे कधी पाहिलं नव्हतं. पिंग लावला आणि क्लिक केलं. युक्ती अशी की, व्हीसेंटर फक्त हुकूम देतं, ओझं वाहतात ते होस्ट. पहिला होस्ट त्याची मेमरी पानापानाने दुसऱ्याकडे पाठवू लागतो. तोवर पोस्टग्रेस लिहितंच असतं, त्यामुळे पाठवलेली काही पानं पुन्हा बदलतात. मग बदललेली तेवढी परत पाठवायची, त्यातलीही बदलली तर पुन्हा. असं करत करत उरतात चार-दोन पानं, त्या वेळी त्याला क्षणभर गोठवायचं, उरलंसुरलं पलीकडे द्यायचं आणि तिथे जागं करायचं. आमचा एक पिंग गळला. एक!

आणि मग मी नोंद उघडली. काम सुरू झाल्याची ओळ डेटाबेसात लिहिली गेली तेव्हा तो एक नंबरच्या होस्टवर होता, संपल्याची ओळ त्याने दोन नंबरवर बसून लिहिली. मधल्या गोठलेल्या क्षणाचा त्या रजिस्टरात मागमूस नाही. स्वतःच्या घरबदलाची नोंद स्वतःच करून, शाई वाळायच्या आत पुढच्या कामाला लागलेला सेक्रेटरी! मी ती ओळ तीनदा वाचली.

(ही कल्पना नवीही नाही म्हणे. आयबीएमचं व्हीएम/370 हे 1972 चं, आणि ते स्वतःच्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता यायचं. मी तेव्हा पाळण्यात होतो. आत्ता कळतंय.)

आता मात्र माझ्यातला जुना संशयी उठला. हलवणं ठीक, पण मारलं तर? आम्ही त्याला परत एक नंबरवर आणलं, बाकीची मशीन तिथून काढली, आणि मी स्वतःच्या हाताने दोन्ही पॉवर केबल उपटल्या. माझी छाती धडधडत होती, खोटं कशाला बोलू.

तो मेल्यावर त्याला उठवणार कोण, ही माझी बारा वर्षांची शंका. उत्तर इतकं साधं निघालं की लाज वाटली. होस्ट आपसात एक म्होरक्या निवडतात, एकमेकांची धुगधुगी तपासतात आणि कुणाला जपायचं याची यादी सामायिक स्टोरेजवर ठेवतात. त्यांना व्हीसेंटर लागतच नाही! मिनिटभराने मी तीन नंबरच्या होस्टचं स्वतःचं पान उघडलं, तर स्वारी तिथे चालू झालेली. पोस्टग्रेसचं मला जास्त भय होतं. पण ते पक्का वाणी आहे: आधी रोजकीर्द, मग खतावणी. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये डिस्कवर टेकवतं, त्यानंतर कधीतरी मुख्य फायलीत. ईएसएक्सआयही ते लिहिणं मध्येच आपल्या मेमरीत अडवून ठेवत नाही. उठल्यावर पोस्टग्रेसने रोजकीर्द वाचली, राहिलेल्या नोंदी खतवल्या आणि दुकान उघडलं. वेबचं पान यायला दहाएक मिनिटं लागली, ती मला लग्नाच्या मुहूर्तासारखी वाटली. तेवढ्या वेळात ईआरपी आपलं चालूच, त्याला पत्ताही नाही.

पान उघडलं. उठल्या उठल्या त्याने काय नोंदवलं असेल? तर एक नंबरचा होस्ट प्रतिसाद देत नाही! म्हणजे ज्या घरात हा थोड्या वेळापूर्वी मेला, त्याच घराची तक्रार! तेव्हा माझ्या टाळ्या पडल्या.

बॅकअप मी तरीही रोज वेगळ्या डब्यावर काढतो, आणि स्नॅपशॉटला बॅकअप म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. तो जुना लोखंडी सर्व्हर मात्र अजून कोपऱ्यात घरघरतोय, बंद करायला हात धजत नाही.

"सर, झालं असेल तर लावू का केबल परत?" तिने विचारलं.

"लाव," मी म्हणालो, "आणि त्याला एक नंबरवर आण. या वेळी तू उपट."