उंटावरचा शहाणा

मराठी माणसाचा उंटाशी संबंध येतो तो बहुधा बोलण्यापुरताच. कुणी उंटावरून शेळ्या हाकतो, कुणी उंटावरचा शहाणा ठरतो. वासराचे तोंड रांजणात अडकले, ते सोडवायला शहाणा उंटावरून आला, दार ठेंगणे म्हणून त्याने भिंत पाडायला लावली, मग वासराची मान कापायला सांगितली आणि शेवटी रांजणही फोडायला लावला. ही गोष्ट मी शाळेत इतक्यांदा सांगितली आहे, की शहाणा खाली का उतरला नाही हे विचारायचे मुलांनीही सोडून दिले आहे. पण गेल्या जानेवारीत खुद्द मीच उंटावर बसलो.

जैसलमेर आम्ही दीड दिवस पाहिले. रावळ जैसलाने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला अजून रिकामा झालेला नाही. पिवळ्या दगडाच्या बुरुजांआड माणसे नांदतात, दोऱ्यांवर धुणी वाळतात, पाठीवर दप्तर घेतलेली पोरे उतारावरून धावत येतात. किल्ला म्हणजे पडका बुरूज आणि मडक्यातले दही, एवढीच आमची समजूत. त्यामुळे किल्ल्यात कुकरची शिट्टी ऐकून सौभाग्यवतींना फार बरे वाटले.

तिथून नैर्ऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवर खुडी नावाचे गाव आहे. तिथवर जीपने जायचे आणि पुढे उंटावरून वाळूत मुक्कामाला, असा बेत होता. तीन उंट बसवून ठेवले होते. उंट उठतो तो आधी मागच्या पायांवर, ही गोष्ट कुठल्याही क्रमिक पुस्तकात दिलेली नाही. माणूस एकदम पुढे फेकला जातो, आणि तो सावरतो न सावरतो तोच पुढचे पाय उठतात नि तो मागे जातो.

"अहो, धरा मला!" मागच्या उंटावरून हाक आली. धरणार कसा? मीच पलाणाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलो होतो. बारा वर्षांची लेक मात्र जन्मभर उंटावरच बसल्यासारखी हसत होती.

उंट एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून स्वार होडीत बसल्यासारखा डुलतो. वाटेत एका काटेरी झाडापाशी माझा मोती थांबला आणि पाला ओरबाडू लागला. उंटवाला म्हणाला, ही खेजडी. नीट पाहिले, तर ती आमची शमी! दसऱ्याला जिची आम्ही पूजा करतो, तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, इथे भाजी होते.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मदारीत पाणी साठवल्यामुळे उंट तहान सोसतो, असे मी लेकीला सांगू लागलो. "बाबा, मदारीत चरबी असते," ती म्हणाली. "पाणी मिळालं की तो एकदम शंभर लिटरसुद्धा पितो. आणि तहानलेला असला की अंगाचं तापमान चौतीसपासून चाळीस अंशांपर्यंत चढू देतो, म्हणजे घाम कमी येतो." उंटवाला आणि त्याचा मुलगा दोघेही हसले. वीस वर्षांत मी किती पोरांच्या डोक्यांत ते पाणी भरले असेल, देव जाणे.

सूर्य बुडताच वाळू गार पडली. मुलाने चूल पेटवली. बाजरीची भाकरी, डाळ आणि सांगरी असा बेत झाला. क्षितिजावर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे उघडझाप करीत होते. जेवताना उंटवाला सहज म्हणाला, "मास्टरजी, मोती पर बैठनेवाले आप आखिरी समझो."

मोती परवा जायचा होता. मुलाला जोधपूरला शिकायला ठेवायचे, त्यासाठी पैसा हवा. तसा उंटाला भाव उरलेला नाही. ओझ्याला ट्रॅक्टर आले, पाहुण्यांना जीप आली. २०१४ साली राजस्थानने उंटाला राज्यपशू केले. पुढच्या वर्षी त्याची कत्तल आणि त्यासाठी राज्याबाहेर नेणे कायद्याने बंद झाले. हेतू चांगलाच होता. पण बाहेरचे गिऱ्हाईक बिचकले आणि पाळणाऱ्याचा हात आखडला. २०१२ च्या गणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ च्या गणनेत अडीच लाख भरले. उंटवाल्याला हे आकडे ठाऊक नव्हते. आपल्या वाड्यात आता दोनच राहणार, एवढे त्याला ठाऊक होते.

मंडळी रजयांत शिरली. मुलगा चुलीपाशी बसून होता. शेजारी मोतीच्या गळ्यातला कवड्यांचा गोरबंद काढून ठेवलेला होता. तो त्याच्या आईने विणलेला. "परवा मी मावशीकडे जाणार," तो हिंदीत म्हणाला. "मला बघायचं नाही."

मी १९९५ साली दहावी झालो. वडील तिला मॅट्रिकच म्हणत. मला पुण्याला शिकायला पाठवायचे म्हणून त्यांनी सर्जा विकला. बैल गोठ्यातून निघाला तेव्हा मी माजघरात पुस्तक उघडून बसलो होतो. जोडीतला एकच उरल्यावर वडिलांनी पुढे दोन वर्षे शेजाऱ्याशी सावड करून पेरणी केली. आणि मी? दिवाळीच्या सुट्टीला घरी आलो तो परत गेलोच नाही. वडील काही बोलले नाहीत. सर्जाचे दावे खुंटीला होते, ते तिथेच राहिले.

हे सगळे मी त्या मुलाला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. त्याने चुलीत काटकी सरकवली.

"फिर आप लौट क्यों आए?"

आजवर हे मला कुणीच विचारले नव्हते, घरच्यांनीही नाही. पैसे पुरले नाहीत, हवा मानवली नाही, अशी उत्तरे मी तयार ठेवली होती. ती तीस वर्षे पडूनच राहिली.

"डर गया था," मी म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जोधपूरची मलाही भीती वाटते." यावर त्याला सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. आम्ही निखारे विझेपर्यंत बसलो.

सकाळी अंथरुणाभोवती शेणकिड्यांच्या पावलांची बारीक नक्षी उमटली होती. मुलाने मोतीला गोरबंद चढवला, त्याच्या ओठांपाशी गुळाचा खडा धरला आणि बापाला काहीतरी मारवाडीत सांगितले. बापाने मान हलवली. काय ते मी विचारले नाही.

गाव मैलभर राहिले तेव्हा मी उंट बसवायला सांगितले, खाली उतरलो आणि मोतीची दोरी हातात घेऊन चालू लागलो.

"मांड्या भरून आल्या ना? सांगत होते मी!" मागून सौभाग्यवती म्हणाल्या.

"हो ना," मी म्हणालो.